हजार हा आकडा कुठे हरवला?

दोस्तांनो, हा लेख वाचायला बसण्याआधी थोडं सामान जमवा. एक वही, एक पेन्सिल आणि एक मित्र. मैत्रीण चालेल, रिकामटेकडा धाकटा भाऊ तर पळेल! कॉम्प्युटर नसला तरी काही बिघडत नाही. खरं सांगायचं तर आत्ता तो समोर नसलेलाच बरा.

मित्राला सांगा, ‘१ ते १००० मधला कुठलाही एक आकडा मनात धर. मी एकेक आकडा विचारीन. तू फक्त तीनच उत्तरं द्यायची. बरोबर, वर किंवा खाली.’ ‘वर’ म्हणजे त्याचा आकडा तुम्ही विचारलेल्या आकड्यापेक्षा मोठा. ‘खाली’ म्हणजे लहान.

एक, दोन, तीन असं विचारत बसलात तर संध्याकाळ होईल. पण तुम्ही हुशार. तुम्ही आधी विचाराल ५००. ‘वर’ म्हणाला की खालचे पाचशे एका फटक्यात बाद! मग ७५०. पुन्हा निम्मे बाद. असं करत गेलं की दहा प्रश्नांत कुठलाही आकडा सापडतो. लाखापर्यंतचे आकडे घेतले तरी सतराच प्रश्न लागतात आणि दहा लाखांना वीस. करून बघा, मित्र चक्रावून जाईल.

या युक्तीला कॉम्प्युटरच्या शास्त्रात ‘बायनरी सर्च’ म्हणतात. क्रमाने लावलेल्या यादीत एखादी गोष्ट शोधायची ही फार लाडकी पद्धत. तुम्ही जाड शब्दकोश मधोमध उघडून शब्द शोधता ना, तीच.

इथवर सोपं आहे. गंमत पुढे आहे. आता हेच काम तुम्ही स्वतः करायचं नाही. वहीत पायऱ्या लिहायच्या आणि ती वही अशा माणसाच्या हातात द्यायची, की जो स्वतःचं डोकं जराही वापरत नाही. लिहिलंय तेवढंच करतो. कॉम्प्युटर हा तसलाच प्राणी आहे. समजा, तुम्ही असं लिहिलंत:

१. ‘तळ’ म्हणजे १. ‘माथा’ म्हणजे १०००.
२. तळ आणि माथा यांची बेरीज करा, तिला दोनने भागा. अपूर्णांक आला तर टाकून द्या. आलेल्या संख्येला ‘मध्य’ म्हणा.
३. मित्राला मध्य सांगा. तो ‘बरोबर’ म्हणाला तर थांबा. ‘वर’ म्हणाला तर तळ खोडून तिथे मध्य लिहा. ‘खाली’ म्हणाला तर माथा खोडून तिथे मध्य लिहा.
४. पुन्हा पायरी २ वर जा.

वाचून झालं? चूक दिसली का? बहुतेकांना दिसत नाही. ३७ घ्या, सापडतो. ५१२ घ्या, सापडतो. १ घ्या, ९९९ घ्या, तेही सापडतात. वर्गातल्या चाळीस मुलांनी चाळीस आकडे धरून पाहिले तरी बहुधा सगळे टाळ्याच वाजवतील.

आता मित्राला १००० हा आकडा धरायला सांगा आणि वहीतल्या पायऱ्या प्रामाणिकपणे चालवा. ५००, वर. ७५०, वर. ८७५, ९३७, ९६८, ९८४, ९९२, ९९६, ९९८, ९९९. प्रत्येक वेळी ‘वर’. आता तळ आहे ९९९ आणि माथा आहे १०००. बेरीज १९९९, निम्मे केले की साडेनऊशे नव्याण्णव, म्हणजे ९९९ आणि वर अर्धा. अर्धा टाकला, उरले ९९९. मित्र म्हणतो, ‘वर.’ तळाच्या जागी लिहा ९९९. पुन्हा बेरीज, पुन्हा ९९९. ‘वर.’ पुन्हा ९९९. मित्र वैतागेल, घरी निघून जाईल, पण पायऱ्या काही संपणार नाहीत! हजार आकड्यांपैकी ९९९ आकडे व्यवस्थित सापडतात आणि नेमका एक, शेवटचा, कधीच सापडत नाही.

दुरुस्ती अगदी छोटी आहे. ९९९ ला मित्राने ‘वर’ म्हटलं याचा अर्थ ९९९ हा आकडा नक्की नाही. मग तो हाताशी ठेवायचा कशाला? म्हणून तळाच्या जागी ‘मध्य अधिक १’ लिहायचं आणि माथ्याच्या जागी ‘मध्य वजा १’. आता पुन्हा चालवून पाहा. ५००, ७५०, ८७५, ९३८, ९६९, ९८५, ९९३, ९९७, ९९९, १०००. दहावा प्रश्न आणि आकडा हातात.

मंडळी, तुम्ही आत्ता जे केलंत ते सॉफ्टवेअर इंजिनिअरचंच काम होतं. पायऱ्या लिहिल्या, त्या चालवून पाहिल्या, कडेच्या आकड्याशी अडखळलात, कारण शोधलं, दुरुस्ती केली आणि पुन्हा तपासलं. ‘तीन महिन्यांत सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हा’ अशा पाट्या गावोगाव लागलेल्या असतात. तिथे भाषा शिकवतात, बटणं कुठली दाबायची ते शिकवतात. पण हजाराचा आकडा का सापडत नाही हे स्वतःच्या डोक्याने हुडकण्याची सवय फी भरून मिळत नाही. आणि खरी मेख तर तिथेच आहे.

मोठमोठ्यांचीही दांडी गुल

तुम्हाला वाटेल, हे सगळं शाळकरी मुलांसाठी. मोठे प्रोग्रामर असल्या चुका थोडेच करतात! तर ऐका. बायनरी सर्चची कल्पना पहिल्यांदा छापून आली १९४६ साली. आणि कितीही आकडे दिले तरी न चुकणारा प्रोग्राम छापून यायला त्यानंतर पंधराएक वर्षं लागली. अमेरिकेतले नामवंत प्रोग्रामर जॉन बेंटली यांनी बेल लॅब्ज आणि आयबीएम इथल्या नोकरदार प्रोग्रामरांना हाच प्रश्न सोडवायला दिला. दोनेक तास दिले, हवी ती भाषा वापरा म्हणून सांगितलं. शेवटी स्वतःचं काम तपासल्यावर शंभरातल्या सुमारे नव्वद जणांना आपापल्या प्रोग्रामात चूक सापडली!

गोष्ट इथेच संपत नाही. बेंटलींनी आपल्या पुस्तकात हा प्रोग्राम लिहिला, तो बरोबर आहे हे पायरीपायरीने सिद्ध करून दाखवलं. जोशुआ ब्लॉक नावाच्या प्रोग्रामरने तोच धागा पकडून ‘जावा’ भाषेसाठी बायनरी सर्च लिहिला. जगभर तो वापरला गेला. आणि २००६ साली खुद्द ब्लॉक यांनीच जाहीर केलं, की आपल्या त्या प्रोग्रामात नऊ-एक वर्षं एक चूक लपून बसली होती.

कुठे असेल बरं? आपल्या पायरी २ मध्ये! ‘तळ आणि माथा यांची बेरीज करा.’ बेरजेत काय चुकणार, असं कुणालाही वाटेल. पण कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक आकड्यासाठी ठरावीक जागा असते. जुन्या स्कूटरचा मीटर आठवा. ९९९९९ किलोमीटर झाले की पुढे काय? पुन्हा ०००००. कारण सहावं घरच नाही. जावातल्या साध्या पूर्णांकाला ३२ घरं मिळतात आणि त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ एवढाच आकडा मावतो. त्याच्या पुढे एक जरी मिळवला, तरी मीटर असा उलटा फिरतो की आकडा एकदम ऋण होतो. यादी अतिप्रचंड असली, शंभर कोटींच्याही वर नोंदी असल्या, तर तळ आणि माथा यांची बेरीज ही मर्यादा ओलांडू शकते. मग ‘मध्य’ येतो ऋण आणि प्रोग्राम आडवा पडतो.

जेव्हा तो प्रोग्राम लिहिला गेला तेव्हा एवढ्या मोठ्या याद्या कुणी करतच नव्हतं. म्हणून चूक दिसली नाही. उपाय काय, तो मी सांगत नाही. इशारा देतो. बेरीज न करता, माथ्यातून तळ वजा करून मध्य काढता येतो का, बघा.

आणि हा मीटर काही पुस्तकातच फिरतो असं नाही. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचं ‘एरियन ५’ हे नवं कोरं रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि चाळीस सेकंदांच्या आसपास आकाशात त्याच्या चिंधड्या झाल्या. त्यातला एक प्रोग्राम आधीच्या ‘एरियन ४’ वरून जसाच्या तसा उचललेला होता. आडव्या वेगाशी निगडित एक मोठा आकडा तो १६ घरांच्या जागेत कोंबत होता आणि तिथे ३२७६७ च्या वर काही मावत नाही. जुनं रॉकेट तेवढं जोरात जात नव्हतं, म्हणून सगळं सुरळीत होतं. नवं जोरात गेलं. आकडा मावला नाही, दिशा दाखवणारी यंत्रणा बंद पडली. तिची जोडीदार यंत्रणाही बंद पडली, कारण तिच्यातही तोच प्रोग्राम होता! सगळ्यात हळहळ वाटते ती याची, की तो हिशेब एरियन ५ ला जमीन सोडल्यावर लागतच नव्हता.

सुदैवाने त्या रॉकेटात माणूस नव्हता.

मुलीने दाबलेलं बटण

अपोलो यानांतून माणसं चंद्रावर गेली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या यानातल्या कॉम्प्युटरचे प्रोग्राम अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत लिहिले गेले आणि त्या कामाच्या प्रमुख होत्या मार्गारेट हॅमिल्टन. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द त्यांनी तेव्हा वापरायला सुरुवात केली तर लोक त्यांची थट्टा करायचे. पूल बांधणारा तो इंजिनिअर, कागदावर सूचना लिहिणारा कसला इंजिनिअर!

हॅमिल्टनबाई कधीकधी संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी आपल्या लहान मुलीला प्रयोगशाळेत घेऊन जात. तिथे यानाची नक्कल करणारं यंत्र होतं. मुलगी अंतराळवीर-अंतराळवीर खेळायची, बटणं दाबायची. एकदा तिने काय दाबलं कोण जाणे, यान चंद्राकडे निघालेलं असताना ‘उड्डाणाच्या आधीची तयारी’ हा प्रोग्राम सुरू झाला आणि नक्कल कोसळली. आपली आई असती तर म्हणाली असती, ‘हात नको लावूस म्हणून सांगितलं होतं ना!’ पण हॅमिल्टनबाई विचारात पडल्या. खऱ्या अंतराळवीराचं बोट असं चुकून पडलं तर?

त्यांनी वरिष्ठांना सांगितलं, प्रोग्रामात एक पहारा बसवू या. उड्डाण चालू असताना हा प्रोग्राम निवडताच येऊ नये. उत्तर आलं, ‘आमचे अंतराळवीर तयार झालेली माणसं आहेत. असली चूक ते करणार नाहीत.’ मग त्यांनी निदान सूचनापत्रकात तरी इशारा लिहून ठेवला.

डिसेंबर १९६८. अपोलो ८ चंद्राला फेऱ्या मारून परत येत होतं. जिम लॉव्हेल या कसलेल्या अंतराळवीराने नेमकी तीच चूक केली. कॉम्प्युटरला वाटलं, आपण अजून जमिनीवरच उभे आहोत! यान कुठे आहे याची त्याच्याकडची माहिती पुसली गेली. पृथ्वीवरच्या लोकांनी धावपळ करून नव्याने आकडे पाठवले, तेव्हा गाडी रुळावर आली. पुढे तो पहारा बसवायची परवानगी मिळाली, हे सांगायला नकोच.

मला ही गोष्ट फार आवडते. कारण त्यात सगळ्यात चांगला तपासनीस कोण ठरला? जिला काहीच येत नव्हतं ती छोटी मुलगी. आपण लिहिलेला प्रोग्राम आपण तपासायला बसलो की आपली बोटं आपोआप सरळ रस्त्यानेच जातात. ‘वय लिहा’ असं विचारलं की आपण १४ लिहितो. धाकटा भाऊ लिहितो ‘चौदा’. आजी चष्मा शोधता शोधता नुसतंच पुढचं बटण दाबते. कुणी जन्मवर्ष लिहितो, कुणी उणे पाच. प्रोग्राम लिहायचा झाला तर निम्मा वेळ या सगळ्या मंडळींचा विचार करण्यात जातो, आणि तो जायलाच हवा.

भाषा कुठली शिकायची?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचं उत्तर सगळ्यात छोटं आहे. सुरुवातीला कुठलीही एक, पण एकच. पायथॉन घ्या. ती सोपी आहे, फुकट मिळते, साध्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालते. ती १९९१ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाली आणि तिचं नाव अजगरावरून नव्हे, तर ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी मंडळींवरून पडलं आहे. त्यात तुम्ही आकड्याला ‘गुण’ असं देवनागरीत नावसुद्धा देऊ शकता. दोन-तीन वर्षं एका भाषेत घुटमळलात की दुसरी शिकायला महिनाभर पुरतो. पाच भाषांचं एकेक पुस्तक अर्धवट वाचलेल्याला मात्र पाचांतली एकही येत नसते.

घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून हिरमुसू नका. भारतात संगणकाच्या ऑलिम्पियाडची जी पहिली फेरी व्हायची, तिच्यात वर्षानुवर्षं कागद-पेन्सिलीवरच प्रश्न सोडवावे लागले. प्रोग्राम लिहायचा प्रश्नच नाही, नुसता विचार. वहीत पायऱ्या लिहायच्या, शाळेतल्या किंवा वाचनालयातल्या यंत्रावर आठवड्यातून एकदा चालवायच्या. उलट असं केलं की यंत्रासमोर बसून ‘हे बदलून बघू, ते बदलून बघू’ अशी चाळवाचाळव होत नाही. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने तर प्रोग्रामिंगचे बरेच धडे मराठी आवाजात करून ठेवले आहेत, तेही फुकट. पैसे मोजण्याआधी ते तरी ऐका.

इंग्रजी लागेल का? लागेल. माहितीपत्रकं, चुकांचे संदेश सगळं इंग्रजीत असतं. पण फाडफाड बोलता यायला हवं असं मुळीच नाही. सावकाश, शब्दकोश हाताशी घेऊन, शेवटपर्यंत वाचता यायला हवं. बरीच मुलं पडद्यावर लाल अक्षरं दिसली की घाबरून खिडकीच बंद करतात. अहो, ती लाल अक्षरं म्हणजे डॉक्टरचा रिपोर्ट आहे! कितव्या ओळीत दुखतंय तेसुद्धा त्यात लिहिलेलं असतं.

आणि चूक शोधायची कशी? आपल्या आकड्यांच्या खेळासारखीच. प्रोग्रामच्या मधोमध थांबून विचारा, इथपर्यंत उत्तर बरोबर आहे का? असेल तर चूक खालच्या अर्ध्या भागात. नसेल तर वरच्या. पुन्हा निम्मे. घरातला दिवा लागत नाही तेव्हा वायरमनकाका एकदम भिंत फोडत नाहीत. आधी बटणापर्यंत वीज येते का बघतात. तसंच हे. ‘गिट’ नावाचं एक साधन जगभरचे प्रोग्रामर वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली लिहिलं. प्रोग्रामात कुणी, कधी, काय बदललं याची वही ते ठेवतं. ‘मागच्या महिन्यात चालत होतं, आता चालत नाही’ असं झालं आणि मधे हजार बदल झालेले असले, तर गिटमधली एक आज्ञा बायनरी सर्च करत फक्त दहाएक तपासण्यांत नेमका बिघडवणारा बदल पकडून देते. बघा, आपला खेळ कुठे कुठे कामाला येतो!

आचारी आणि आचार्य

आता एक गोष्ट अशी, जी तुम्हाला येते आणि कॅलिफोर्नियातल्या भल्याभल्या इंजिनिअरांना येत नाही. मराठी!

‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’. पहिल्यात गुरुजी येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. लग्नघरी हा घोटाळा झाला तर पंगत उपाशी राहील. या दुसऱ्या ‘ऱ्या’साठी कॉम्प्युटरला वेगळा ‘ऱ’ लागतो. जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’मध्ये त्याला स्वतंत्र घर आहे. पण टंक बनवणाऱ्याला किंवा कळफलक बनवणाऱ्याला हे कुणी सांगितलंच नसेल, तर दऱ्या आणि दर्या एक होऊन बसतात.

आणखी बघा. ‘ज्ञानेश्वर’ या नावात अक्षरं किती? तुम्ही म्हणाल चार. ज्ञा, ने, श्व, र. कॉम्प्युटर म्हणतो दहा! तो ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र असे तुकडे मोजतो. ‘नाव आठ अक्षरांत लिहा’ अशी अट घालणाऱ्या अर्जात ज्ञानेश्वर मावतच नाही आणि पडदा म्हणतो, ‘नाव फार लांब आहे.’ क्रमाचंही तसंच. शाळेतल्या तक्त्यात ळ, क्ष, ज्ञ अगदी शेवटी असतात. युनिकोडच्या घरांमध्ये ळ बसलाय ल च्या शेजारी. म्हणून नुसत्या क्रमांकांवर विसंबून यादी लावली तर ‘बळ’ हा शब्द ‘बस’ च्या आधी येतो, तक्त्याप्रमाणे तो नंतर यायला हवा. आणि ‘क्षमा’ जाऊन बसते ‘क’ च्या रांगेत.

या अडचणी सोडवायला आधी मराठी यावी लागते, मग प्रोग्रामिंग. पुण्यातल्या सी-डॅकचं नाव तुम्ही १९९१ सालच्या ‘परम’ महासंगणकामुळे ऐकलं असेल. पण त्याच संस्थेत भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचं कामही पुष्कळ झालं आहे. म्हणून मराठीचा तास ‘काय उपयोग’ म्हणून टाळू नका. निबंध लिहिणाऱ्याला प्रोग्रामही बरा लिहिता येतो, असं माझं अगदी स्पष्ट मत आहे. दोन्हींत समोरच्याला काय माहीत नाही याचा अंदाज बांधावा लागतो.

आता तर यंत्रच लिहून देतं!

हो, देतं. कृत्रिम बुद्धिमत्तेला साध्या मराठीत सांगितलं की ती पानभर प्रोग्राम लिहून देते, तोही सफाईदार. मग शिकायचं कशाला? मोठी माणसंही आज हा प्रश्न विचारताहेत आणि आईबाबांना तर त्याची खरीखुरी काळजी वाटते. दहावीनंतर डिप्लोमा की बारावीनंतर डिग्री, फी एवढी, कर्ज तेवढं, आणि हे सगळं करून कामच उरलं नाही तर?

दहा वर्षांनी नोकऱ्या किती असतील याचं भविष्य मी सांगणार नाही, कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याच्यावर विश्वासही ठेवू नका. पण आपला तो चार पायऱ्यांचा प्रोग्राम पुन्हा काढा. तो तुम्हाला यंत्राने लिहून दिला असता, तर हजाराचा आकडा हरवतो हे तुमच्या लक्षात आलं असतं का? वाचायला तो अगदी बरोबर दिसतो. हजारातले ९९९ आकडे सापडतात. जो स्वतः पायऱ्या चालवायला शिकला आहे त्यालाच कडेचे आकडे तपासायची बुद्धी होते. म्हणून शिकायच्या वयात उत्तर आधी यंत्राला विचारू नका. स्वतः लिहा, स्वतः अडका, मग खुशाल त्याला विचारा आणि तुमचं नि त्याचं शेजारी ठेवून बघा. कॅलक्युलेटर घरोघरी आला, तरी पाढे येणाऱ्यालाच त्यावर चुकून एक शून्य जास्त पडल्याचं कळतं ना!

आणि काम उरेल की नाही म्हणता, तर एका कामाची तारीख आत्ताच ठरलेली आहे. पुष्कळ कॉम्प्युटर वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून सरलेल्या सेकंदांत. जुन्या यंत्रांमध्ये हा आकडा ठेवायला तीच ती ३२ घरं आहेत. म्हणजे तोच मीटर, २१४७४८३६४७! तो भरेल मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्याच सेकंदाला अशा यंत्राला वाटेल, आपण डिसेंबर १९०१ मध्ये आहोत. नव्या यंत्रांना ६४ घरं दिलेली असल्याने त्यांना धोका नाही. पण कारखान्यांत, यंत्रांच्या पोटात बसवून विसरून गेलेले जुने प्रोग्राम शोधून काढावे लागतील. वर्ष दोनच आकड्यांत लिहिल्यामुळे २००० साली असाच घोळ होणार होता. तेव्हा तो निस्तरायला भारतातल्या प्रोग्रामरांची फौज लागली होती आणि आपल्याकडच्या कंपन्यांना त्यातून बरंच काम मिळालं. २०३८ ची फौज म्हणजे तुम्ही. आज बारा-तेरा वर्षांचे असाल, तर तेव्हा पंचविशीच्या आसपास असाल.

तोवर वहीत करायला एक काम देतो. लीप वर्ष ओळखायच्या पायऱ्या लिहा. नियम असा: ज्या वर्षाला ४ ने पूर्ण भाग जातो ते लीप. पण १०० ने भाग जात असेल तर नाही. पण ४०० नेही जात असेल तर पुन्हा लीप! या दोन ‘पण’ पायी मोठमोठे घसरले आहेत. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये एखाद्या चौकोनात ६० हा आकडा लिहून त्याचं रूप तारखेचं करून बघा. २९ फेब्रुवारी १९०० अशी तारीख दिसते, जी जगात कधी उगवलीच नाही. ‘लोटस १-२-३’ या जुन्या प्रोग्रामात ही चूक होती. त्यातली कामं एक्सेलमध्ये जशीच्या तशी यावीत म्हणून ती मुद्दाम तशीच ठेवली गेली.

पायऱ्या लिहून झाल्या की नियम माहीत नसलेल्या कुणाच्या तरी हातात वही द्या आणि १९००, २०००, २०२४ आणि २१०० ही चार वर्षं तपासायला सांगा. बरोबर उत्तरं मात्र तुम्ही आधीच मागच्या पानावर लिहून ठेवायची, आणि मगच त्या पायऱ्या चालवायला द्यायच्या.